कार स्टिरिओ निवडायचा तर पाठीमागून पाहावा

इंदुरात गाडीसाठी नवा स्टिरिओ घ्यायला निघालेल्या माणसाला कोणत्याही दुकानात सर्वांत आधी दाखवला जातो तो पडदा. जवाहर मार्गापासून विजय नगरपर्यंत मी चार दुकाने पाहिली आणि चारही ठिकाणी काउंटरवरच्या लाकडी फळीत बसवलेल्या पडद्यांवर समुद्रातल्या रंगीत माशांचा तोच तो व्हिडिओ चालू होता. "मैडमजी, नौ इंच, चार-चौंसठ, आठ कोर," एवढे, म्हणजे पडद्याचे माप आणि रॅम, साठवण व प्रोसेसर यांचे आकडे, सांगून झाले की विक्रेत्याच्या मते माहिती पूर्ण झालेली असे. मी प्रत्येक ठिकाणी एकच विनंती केली, की हा सेट फळीतून काढा आणि मला त्याची मागची बाजू दाखवा. तिघांनी ती हसण्यावारी नेली आणि चौथ्याने "पीछे क्या देखना, पीछे तो तार हैं" असे म्हणून चहा मागवला. पाचवे दुकान आमच्या घराजवळचे, अन्नपूर्णा रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीतले, एका शटरचे. तेथल्या मालकाने मी काही विचारण्याआधीच गाडी कोणती, कोणत्या सालची, हे विचारले, कपाटातून खोक्यातला सेट काढला आणि तो काउंटरवर पालथा ठेवूनच बोलायला सुरुवात केली. खरेदी मी तेथेच केली. सेटला आणि त्याच्या जोडणीला आता दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले आहेत, तेव्हा त्याविषयी काही अधिकाराने लिहिता येईल असे वाटते.

आमची गाडी २०१३ सालची टोयोटा इटिऑस आहे. तिच्यातला मूळचा सेट दहा वर्षे निमूटपणे वाजला. रेडिओ, सीडी आणि पेन ड्राइव्ह एवढे त्याला येत होते आणि आमच्या घरच्या श्रवणाला ते पुरेसे होते. बदलण्याची पाळी गाण्यामुळे आली नाही, नकाशामुळे आली. मुलगा पुण्यात असल्याने वर्षातून तीन-चार वेळा सेंधवा, धुळे, मालेगाव, नाशिक या मार्गाने आमचे जाणे-येणे होते आणि नकाशा दाखवणारा मोबाइल समोरच्या काचेला चिकटवलेल्या स्टँडवर असे. मे महिन्यातल्या एका दुपारी बिजासन घाटाच्या अलीकडे तो मोबाइल उन्हाने इतका तापला, की पडद्यावर तापमानाची सूचना देऊन त्याने स्वतःलाच बंद करून घेतले. शिवाय लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागू लागल्यापासून मागचा कॅमेरा हवा असे आमच्या ह्यांचे म्हणणे होते, आणि कॅमेऱ्याला पडदा हवाच.

त्याआधी एकदा हात पोळून घेतलेले होते, तेही सांगितले पाहिजे, कारण माझे निकष त्यातूनच तयार झाले. आमच्या घरच्या दुसऱ्या, लहान गाडीत आम्ही एका दुकानातून नऊ इंची अँड्रॉइड सेट बसवून घेतला होता. खोक्यावर चार जीबी रॅम लिहिलेली होती, सेटच्या सेटिंगमध्येही चारच दिसत होती. पण यंत्रातले घटक वाचून दाखवणारे एक ॲप मुलाने त्यात घातले तेव्हा ती दोनच निघाली. या स्वस्त सेटांमध्ये सेटिंगच्या पानावर काय छापून दाखवायचे हे बनवणाऱ्याच्या हातात असते, अँड्रॉइडची आवृत्तीसुद्धा. तेव्हा ते पान म्हणजे पुरावा नव्हे, जाहिरात आहे. ती फसवणूक मी सोडून दिली असती. परंतु दिवाळीत दहा दिवस गावाला जाऊन आलो, तर गाडीची बॅटरी पूर्ण बसलेली. वायरमनने मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा किल्ली काढलेल्या अवस्थेतही तो सेट १५० मिलिअँपिअरच्या आसपास वीज खात होता, कारण किल्ली फिरवताच पडदा चटकन उजळावा म्हणून तो पूर्ण बंद न होता नुसता डुलकी घेत राहत असे. मी अनेक वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले असल्याने हिशेब तेथेच उभ्या उभ्या झाला: ०.१५ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ३.६ अँपिअर-तास, दहा दिवसांचे ३६. आणि लहान पेट्रोल गाडीची बॅटरीच मुळी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दुकानदाराने दोष बॅटरीचा ठरवला. बॅटरी नवी आणली; पुढच्या दीर्घ मुक्कामाआधी मात्र आम्ही बॅटरीचे टर्मिनल सोडवून जाऊ लागलो.

दुकानांतून हिंडताना ज्या एका गोष्टीचा सर्वाधिक गोंधळ आढळला ती म्हणजे "अँड्रॉइड सेट" आणि "अँड्रॉइड ऑटो" यांतला फरक. हा फरक न समजता पैसे दिलेले किमान तीन जण तरी आमच्या ओळखीत आहेत. अँड्रॉइड सेट म्हणजे डॅशबोर्डात बसवलेला टॅबलेटच. नकाशा, गाणी, सगळे त्या सेटच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालते. त्याला स्वतःचे इंटरनेट लागते, जे आपण मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुरवतो. त्याला स्वतःचा जीपीएस अँटेना लागतो, जो डॅशबोर्डाखाली कोठेतरी चिकटवला जातो. आणि तीन-चार वर्षांनी ॲप जड झाली, की तो जुन्या मोबाइलसारखाच रखडू लागतो. अँड्रॉइड ऑटोचे तसे नाही. तेथे विचार मोबाइल करतो आणि सेट केवळ त्याचा पडदा, स्पर्श आणि आवाज होतो. आयफोनसाठी याच पद्धतीचे नाव कारप्ले. कारप्ले २०१४ साली आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ साली बाजारात आले, आणि तेव्हापासून सेटच्या आत किती कोर आहेत हा प्रश्न माझ्यासारख्या ग्राहकापुरता तरी गौण झाला. मोबाइल बदलला की गाडीतला नकाशाही आपोआप नवा होतो. आमच्यासारख्या, एक गाडी पंधरा वर्षे चालवणाऱ्या घराला हीच व्यवस्था शहाणपणाची आहे. मुलांना मागच्या सीटवरून चित्रपट दाखवायचे असतील तर अँड्रॉइड सेट घ्यावा. मात्र तो चालकासमोर का असावा, हे मला कळलेले नाही.

दुसरा मोठा फायदा आपल्या लिपीचा आहे. पेन ड्राइव्हवर अभंगांची आणि नाट्यपदांची नावे देवनागरीत टाकलेली असतील तर पुष्कळ सेटांच्या पडद्यावर त्या नावांच्या जागी नुसते चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात, कारण त्यांच्यात ती अक्षरेच घातलेली नसतात. मोबाइलमार्फत वाजवले तर नाव मोबाइलच लिहून पाठवतो आणि ते शुद्ध दिसते. ही परीक्षा घरून पेन ड्राइव्ह नेऊन दुकानातच करावी. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर अनेक सेट तो वाचतच नाहीत आणि दोष पेन ड्राइव्हचा ठरतो.

आता मागच्या बाजूकडे येऊ.

गाडीतल्या सेटच्या खाचेचे माप ठरलेले असते. जर्मन मानकांवरून आलेले "डिन" हे नाव सगळीकडे रूढ आहे: सिंगल डिन म्हणजे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ही खाच २०० मिलिमीटर रुंद असते. त्यामुळे प्रमाणित डबल डिन सेट बसवला तर दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटरची फट राहते आणि ती झाकायला बाजूच्या पट्ट्या लागतात. एका दुकानात मला "थोडा फोम लगा देंगे, पता नहीं चलेगा" असे आश्वासन मिळाले होते. अन्नपूर्णा रोडच्या या मालकाने गाडीचे नाव ऐकताच त्या दोन पट्ट्या खोक्यातून काढून सेटाशेजारी ठेवल्या, आणि त्यांच्या शेजारी टोयोटाचा कपलर ठेवला. माझा निर्णय तेथेच अर्धा झाला होता.

कपलर ही वस्तू दोन-चारशे रुपयांची असते आणि तिच्यावर सगळा खेळ अवलंबून असतो. टोयोटाच्या गाडीत मूळ सेटच्या मागे दोन प्लग येतात, एक दहा पिनांचा आणि एक सहा पिनांचा. दहाच्या प्लगमध्ये वीज, अर्थिंग, दिव्याची तार आणि पुढचे स्पीकर. सहाच्या प्लगमध्ये मागचे स्पीकर. नव्या सेटच्या तारा कपलरच्या तारांना जोडायच्या आणि कपलर गाडीच्या प्लगमध्ये नुसता खोचायचा, म्हणजे गाडीची एकही तार कापावी लागत नाही. ज्यांना घाई असते ते प्लग कापून तारा हाताने पिळतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते, आणि मग एक दिवस एका बाजूचा आवाज जातो किंवा फ्यूज उडतो. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली तार हे वॉरंटी नाकारण्याचे आयते कारण होते. "काटेंगे नहीं, कपलर लगाएंगे," हे वाक्य फिटरने आपणहून उच्चारले तर त्याच्याकडे गाडी द्यायला हरकत नाही. आपण विचारल्यावर उच्चारले तर समोर उभे राहून काम करून घ्यावे.

तारांच्या रंगांची थोडी ओळख असली तर समोर उभे राहण्याला अर्थ येतो. जपानी कंपन्यांच्या सेटांत पिवळी तार कायमची १२ व्होल्टची असते, जिच्यावर घड्याळ आणि साठवलेली केंद्रे जिवंत राहतात, लाल तार किल्लीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थिंगची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या चार जोड्या अनुक्रमे पुढच्या डाव्या, पुढच्या उजव्या, मागच्या डाव्या आणि मागच्या उजव्या स्पीकरच्या, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार ऋण टोकाची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद करताच सेट सगळे विसरतो. एखाद्या स्पीकरची धन-ऋण टोके उलटी लागली तर आवाज येतो, पण ढोलकीतला आणि डग्ग्यातला जीव निघून जातो, कारण एक स्पीकर हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढत असतो. हा दोष कानाला "काहीतरी पातळ वाटते" एवढाच जाणवतो आणि लोक त्याचे खापर सेटवर फोडतात.

मागच्या बाजूला आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते, ती म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. आतल्या अँप्लिफायरची उष्णता त्यांच्यातून बाहेर पडते. चांगला सेट हातात घेतला की मागून जड लागतो. नऊ इंची पडदा आणि मागे बिस्किटाच्या डब्याइतका पोकळ पत्रा, असे सेट मी दोन ठिकाणी हातात तोलून पाहिले.

आणि आता वॅटविषयी, कारण सर्वांत जास्त थापा याच विषयात ऐकायला मिळतात. कोणी ४५ गुणिले ४, म्हणजे चार स्पीकरांना प्रत्येकी ४५ वॅट, सांगतो, कोणी ६०, आणि एकाने मला सरळ १०० गुणिले ४ सांगितले. इंजिन चालू असताना गाडीतला विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो आणि सेटच्या आतला अँप्लिफायर त्या दाबावरच चालतो. दाब वाढवून घेण्याची वेगळी सोय असल्या सेटांत सहसा नसते. स्पीकरचा रोध ४ ओहम. दाबाचा वर्ग भागिले रोध हे सूत्र आठवी-दहावीला ज्यांनी पाठ केले असेल त्यांनी करून पाहावे: १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट. परंतु हा आकडा तरंग पूर्णपणे चौकोनी झाल्यावरचा, म्हणजे आवाज अगदी फाटल्यावरचा आहे. स्वच्छ साइन तरंगासाठी तो बरोबर निम्मा, २६ वॅट होतो, आणि अँप्लिफायरमधली घट वजा केली की हाती वीसच्या आसपास उरतात. नामांकित कंपन्या माहितीपुस्तिकेत हा खरा आकडा आरएमएस म्हणून बारीक अक्षरांत देतात आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत पन्नास-पंचावन्न छापतात. तेव्हा ४५ आणि ६० यांत निवड करण्याचे कारण नाही. शंभर सांगणाऱ्याला मात्र नमस्कार करून पुढे जावे. पुढेमागे वेगळा अँप्लिफायर लावायचा विचार असेल तर मागच्या प्री-आउटच्या, म्हणजे बाहेरच्या अँप्लिफायरला आवाज पाठवणाऱ्या, जोड्या किती आणि त्या किती व्होल्टच्या, हे पाहावे. दोन व्होल्टपासून पाच व्होल्टपर्यंत त्या मिळतात, आणि व्होल्ट जितके जास्त तितकी इंजिनाची कुरकुर गाण्यात कमी मिसळते. आम्हाला त्याची गरज नव्हती.

नावांच्या बाबतीतही मोह आवरावा. केनवुड आणि जेव्हीसी या दोन कंपन्या २००८ सालीच एकत्र आल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यात "कोणती बरी" हा वाद बराचसा घरातला आहे. ब्लाउपुंक्ट हे नाव ऐकताच आमचे हे हळवे होतात. १९२३ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या कंपनीने तपासून योग्य ठरलेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावायला सुरुवात केली आणि त्या ठिपक्याचेच पुढे नाव झाले, अशी ती सुरेख कथा आहे; आज मात्र ते नाव परवान्यावर वेगवेगळ्या उत्पादकांकडे दिले जाते, तेव्हा कथेला भुलून सेट घेऊ नये, त्या विशिष्ट सेटची मागची बाजू पाहून घ्यावा.

आम्ही घेतला तो सोनीचा एक्सएव्ही-एएक्स५५००. पडदा ६.९५ इंची, म्हणजे दुकानातल्या नऊ इंची माशांपुढे बापुडवाणाच. पण तो डबल डिनच्या खाचेत सपाट बसतो, एसीच्या झडपा झाकत नाही आणि खड्ड्यांत थरथरत नाही. स्पर्श मोबाइलसारखाच हलका, कपॅसिटिव्ह जातीचा. स्वस्त सेटांत रेझिस्टिव्ह पडदा असतो. तो नखाने किंवा हातमोजा घालूनही चालतो, पण जोराने दाबावा लागतो, आणि चालत्या गाडीत दाबावा लागणारा पडदा म्हणजे रस्त्यावरून नजर हटण्याचे निमित्त. खरे तर या सेटकडे मी वळले ते पडद्याखालच्या बटणांमुळे. आवाज कमी-जास्त करायला खरी, बोटाला चाचपून सापडणारी बटणे त्याला आहेत. पलासियाच्या चौकात मागून रुग्णवाहिका आली तर आवाज बंद करायला मला काचेवर चित्र शोधत बसायचे नसते. अलीकडच्या सुंदर, गुळगुळीत, बटण नसलेल्या सेटांविषयी माझे मत याच कारणाने प्रतिकूल आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी.

अँड्रॉइड ऑटो यात तारेनेच चालते, बिनतारी नाही. विक्रेते ही उणीव म्हणून सांगतात. मला ती फारशी वाटली नाही. बिनतारी पद्धतीत मोबाइल आधी ब्लूटूथने ओळख करून घेतो आणि मग सगळी चित्रे वाय-फायवरून पाठवत राहतो. त्यात मोबाइल तापतो आणि बॅटरी उतरते, मग तो चार्जिंगला लावावा लागतो, म्हणजे तार आलीच. तारेने जोडलेला मोबाइल आता गिअरजवळच्या खणात सावलीत पडलेला असतो आणि त्यानंतरच्या दोन्ही मे महिन्यांत सेंधव्यापाशी त्याने काही तक्रार केलेली नाही. रोज पाच मिनिटांच्या अंतरावर भाजी आणायला जाणाऱ्याला मात्र दर वेळी तार खोचण्याचा कंटाळा येईल, आणि त्याने बिनतारी सेटच पाहावा हे मान्य आहे. दुपारी दक्षिणेकडे जाताना उजव्या काचेतून येणारे ऊन पडद्यावर पडते आणि नकाशातले बारीक रस्ते पुसट होतात. बोलून मार्ग सांगणारा आवाज तेवढ्या वेळापुरता कामी येतो. या पडद्यांच्या बाबतीत हे बहुधा सगळीकडेच असेल, पण घेताना सेट उन्हात धरून पाहण्याची सोय कोणतेच दुकान देत नाही.

कॅमेऱ्याने अर्धा दिवस घेतला. आम्ही कॅमेरा आधीच दुसरीकडून आणून ठेवला होता आणि जोडल्यावर पडदा काळाच राहिला. कारण साधे होते: आणलेला कॅमेरा एएचडी, म्हणजे जास्त बारकावे दाखवणाऱ्या नव्या पद्धतीच्या व्हिडिओचा होता आणि या सेटच्या मागे कॅमेऱ्यासाठी जी पिवळी आरसीए पिन असते ती साध्या, जुन्या पद्धतीच्या व्हिडिओसाठी असते. दोन्हींचा प्लग दिसायला एकच, त्यामुळे जुळते असे वाटते आणि जुळत नाही. मालकाने आपल्याकडचा साधा कॅमेरा काढून लावला आणि आमचा परत करण्यासाठी बाजूला ठेवला. मागच्या पांढऱ्या दिव्यावरून घेतलेली तार सेटला रिव्हर्सची सूचना देते. ती बसली आणि गिअर टाकताच आमच्या गल्लीतला विजेचा खांब पडद्यावर आला.

त्याच वेळी हिरवट तारेचा प्रसंग घडला. हातब्रेकला जोडायची ही तार असते. ब्रेक ओढलेला असेल तरच सेट व्हिडिओ दाखवतो. दुकानातल्या मदतनीस मुलाने ती सवयीने सरळ अर्थिंगला जोडायला घेतली, म्हणजे चालत्या गाडीतही चित्रपट दिसावेत. मी नको म्हटले. त्याला आश्चर्य वाटले असावे, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे गिऱ्हाईक हेच आधी मागतात. मालकाने मध्ये न पडता ती तार हातब्रेकच्या स्विचपर्यंत नेली आणि त्या कामाचे वेगळे पैसे लावले नाहीत. ब्लूटूथवरच्या बोलण्यासाठीचा बाहेरचा माइक त्याने स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला बसवला. डॅशबोर्डावर एसीच्या झोताजवळ बसवला असता तर पलीकडच्या माणसाला वाऱ्याशिवाय काही ऐकू आले नसते.

शेवटी मी मल्टिमीटर लावायला सांगितले. गाडी बंद करून, दारे लावून, थोडा वेळ थांबून सेटच्या पिवळ्या तारेतला प्रवाह मोजला. तो मोजक्या मिलिअँपिअरचाच होता. गेल्या वर्षी आम्ही पंधरा दिवस पुण्याला रेल्वेने जाऊन आलो आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. स्टिरिओच्या परीक्षणात हे वाक्य कोणी लिहीत नाही, पण माझ्या लेखी ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

आवाजाविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर पहिल्या दिवशी निराशा झाली. खालच्या सुरांना जोर देणारी सोय सेट आल्यापासूनच चालू होती आणि त्यामुळे तबल्याचा डग्गा रिकाम्या पिंपासारखा घुमत होता. ती बंद केली, दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर खालच्या दोन थोड्या उतरवल्या, मधल्या दोन किंचित चढवल्या, आणि मग हार्मोनियम आणि गाणाऱ्याचा गळा पुढे आला. जुन्या सेटच्या तुलनेत फरक आहे, पण स्पीकर तेच मूळचे ठेवल्याने तो अचंबित करणारा नाही. ज्यांना केवळ आवाज सुधारायचा आहे त्यांनी तेच पैसे आधी पुढच्या दारांच्या स्पीकरवर खर्चावेत. सासूबाई मागे बसतात आणि त्यांना कमी ऐकू येते म्हणून आवाजाचा तोल थोडा मागे सरकवून ठेवला आहे.

रेडिओ चांगला लागतो. खासगी एफएमच्या दृष्टीने इंदूर हे जुने गाव आहे, रेडिओ मिर्चीचे पहिले केंद्र २००१ साली येथेच सुरू झाले. केंद्रे जोरकस आहेत, त्यामुळे परीक्षाही सोपी. परदेशातून कोणी सेट आणून देणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे, की अमेरिकेसाठी लावलेला सेट एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या उड्या मारतो आणि दशांशानंतर सम अंक असलेली आपली केंद्रे ओलांडून जातो. मध्यम लहरीवरही तेथे १० किलोहर्ट्झच्या पायऱ्या असतात आणि आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणी इंदूरची मालवा हाउसमधली जुनी ६४८ ही जागा ९ च्याच पाढ्यात सापडते. सेटिंगमध्ये प्रदेश बदलण्याची सोय असेल तर प्रश्न मिटतो, नसेल तर तो सेट भेट म्हणूनही घेऊ नये.

किमतीबाबत: नऊ इंची चिनी सेट इंदुरात आठ-दहा हजारांपासून मिळतात आणि हा सेट त्यांच्या कित्येक पट महाग पडला. पट्ट्या, कपलर आणि कॅमेरा यांचे पैसे वेगळे लागले, जोडणीची मजुरी आधी ठरली होती तेवढीच घेतली गेली, बिल पक्के मिळाले आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मी न मागता बसला. दुकानाविरुद्ध सांगण्यासारखी गोष्ट वेळेची. "दो घंटे" असे सांगून सकाळी अकराला घेतलेली गाडी दिवेलागणीला परत मिळाली, आणि बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तीही बहुतेक वेळ मदतनीस मुलाच्या हत्यारांनी व्यापलेली.

त्या खुर्चीचा हक्क मिळण्याची वाट पाहत असताना लक्षात आले, की काढून ठेवलेल्या जुन्या सेटमध्ये अभंगांची एक तबकडी अडकून राहिली आहे आणि वीज नसल्याने ती बाहेर येत नाही. नव्या सेटला सीडीची फटच नाही, तेव्हा ती तबकडी आता गाडीत वाजणार नव्हती, पण सासूबाईंची होती. मालकाने जुना सेट टेबलावर घेतला, सुट्या बॅटरीच्या दोन तारा त्याच्या पिवळ्या-लाल जागी लावल्या, काळी टेकवली, आणि बटण दाबताच तबकडी हळूच बाहेर आली. ती त्याने आपल्या शर्टाला पुसून माझ्या हातात दिली, जुना सेट त्याच्या मूळच्या पट्ट्यांसह एका पिशवीत बांधला, पिशवीवर पेनाने "इटिऑस, ओरिजनल" असे लिहिले आणि गाडी विकताना परत आणा, दहा मिनिटांत बसवून देतो, असे सांगितले.